दगडीचं खरं नाव

१

दगडी हे काही तिचं खरं नाव नव्हतं. पहिली मुलगी गेलेल्या घरात दुसरीला चांगल्या नावानं हाक मारायची नाही, दगडी-धोंडी असलंच काहीतरी म्हणायचं, म्हणजे वाईट नजर तिच्यावर ठरत नाही, असं इंदूच्या आईनं हर्णैहून पत्रात तीनदा लिहिलं होतं. बारशाला आत्यानं पोरीच्या कानात खरं नाव सांगितलं, ते पत्रिकेत लिहिलं गेलं आणि पत्रिका कपाटात गेली. त्यानंतर अकरा महिन्यांत ते नाव इंदूच्या तोंडून एकदाही निघालं नाही. मनातल्या मनातसुद्धा ती ते घेत नसे. न जाणो.

पहिलीचं नाव वीणा. दहा महिन्यांची होऊन तापानं गेली. एवढ्या लहान लेकराला काशीत अग्नी देत नाहीत, गंगेत सोडतात. मुन्शी घाटावरून मोहन मल्लाहाची नाव निघाली, वासुदेव आणि शेजारचे दोघे नावेत बसले आणि इंदू घरात बसली, कारण बायकांनी जायचं नसतं. कुठे सोडलं ते तिनं विचारलं नाही आणि वासुदेवानं सांगितलं नाही. त्याला तीन वर्षं झाली. तीन वर्षं धुणं पिळताना तिची नजर पाण्यावर फिरायची, आणि कुठे थांबावं हे न कळल्यामुळे पुन्हा पिळ्यावर यायची.

पौषातल्या एका रविवारी बिंदुमाधव आला. हा वासुदेवाचा मित्र, काशीतच वाढलेला मराठी माणूस, शाळेत मास्तर. शाळेतल्या स्काऊटच्या दोन राहुट्या त्यानं मागून घेतल्या होत्या. बनारसच्या माणसाला थंडीत नदीपलीकडे जायचा भारी सोस. तिकडे रेतीवर अंघोळ करायची, बाटी भाजायची, उन्हात पडायचं. त्याला तिथले लोक बहरी अलंग म्हणतात. पण या खेपेला बिंदुमाधवाला मुक्कामच करायचा होता. राजघाटचा पूल ओलांडून खाली गेलं, की पाणी उतरल्यावर नदीच्या मधोमध रेतीचं एक बेट वर येतं, तिथे दोन रात्री. दोन जोडपी आणि पोर. बाकी कुत्रंसुद्धा नाही, म्हणाला.

बेटाचं नाव निघालं आणि वासुदेव पाणी प्यायला उठला. पाण्याचा भरलेला पेला त्याच्या पुढ्यातच होता. आतून तो म्हणाला, की थंडीत लहान मूल घेऊन कुठे जायचं, तिथे नको.

एरवी हे वाक्य इंदूचं. दगडीच्या अंगावर वारा येईल म्हणून ती खिडकीची फट कागदानं बुजवायची, शिंक आली तर ओव्याची पुरचुंडी शेकायची. पण त्या दिवशी तिनं नवऱ्याची पाठ पाहिली, तो भरलेला पेला पाहिला आणि तिला कळलं. कुठे सोडलं ते तिला कळलं.

‘‘जाऊ या की,’’ ती म्हणाली.

२

मोहन मल्लाहानं त्यांना शनिवारी सकाळी बेटावर उतरवलं. सोमवारी न्यायला येतो म्हणाला. राहुट्या, कढई, गोवऱ्या, रजया असं सगळं सामान त्यानं उतरवून दिलं, आणि इंदूला हात देताना तिच्याकडे पाहिलं नाही. मुन्शी घाटावर त्याच्या रोजच्या नमस्काराची तिला सवय होती. आज त्यानं तोंड फिरवून नाव लोटली.

बेट लांबट होतं. या टोकाहून त्या टोकाला जायला विडी ओढून होईल एवढा वेळ लागे. ना झाड, ना झुडूप, नुसती पांढरट, बारीक रेती. इंदूनं चपला काढल्या आणि पाय आत रुतले तशी तिला हर्णैची आठवण झाली. ओहोटीनंतरची ओली वाळू, खेकड्यांची भोकं, आईच्या लुगड्याचा ओला काठ. फक्त इथे लाट नव्हती. पाणी कडेनं मुकाट्यानं सरकत होतं.

बिंदुमाधवाचं तोंड मात्र मुकाट नव्हतं. पणजोबांनी दशाश्वमेधावर अर्ध्या पुण्याची श्राद्धं घातली इथपासून त्यानं सुरुवात केली, आणि मग गाडी कोकणावर आली. वासू, तुमच्याकडची वाळू खारट ना, ही चाखून बघ, गोड लागते. वासुदेव हसला नाही. बिंदुमाधवाची बायको अन्नपूर्णा चुलीसाठी खड्डा उकरत होती. ती म्हणाली, ‘‘इंदू, यांना पाच मिनिटं गप्प करायचं तर एकच उपाय आहे, तोंडात पान घालायचं. आणि पानं मी मुद्दाम कमी आणलीत, म्हणजे माझंच चुकलं.’’

दुपारी बाट्या भाजल्या, निखाऱ्यात वांगी-बटाटे भाजून चोखा केला. दगडी गोधडीवर बसून रेतीच्या मुठी भरत होती. अजून ती उभी राहत नव्हती, जेमतेम दोन हात रांगायची. ऊन छान पडलं होतं. इंदूला वाटलं, आपण उगाच घाबरतो. हे काय, सगळं ठीक तर आहे.

आणि तिला छातीशी ओलं लागलं.

पाणी सांडलं असेल म्हणून तिनं पदर बाजूला केला. पोलक्यावर डावीकडे रुपयाएवढा डाग होता, आणि ती बघत होती तोवर तो बशीएवढा झाला. दूध होतं. दिवाळीत तिला विषमज्वर झाला तेव्हाच दूध आटलं होतं. तेव्हापासून दगडी गाईच्या दुधावर होती. दोन महिन्यांत एक थेंब नाही.

आणि आता हे, आणि तेही फक्त डावीकडे. दगडी दोन्हीकडे प्यायची. डावीकडचंच हवं म्हणून हट्ट करायची ती वीणा.

३

इंदू सातवीपर्यंत शिकली होती, अगदीच अडाणी नव्हती. तिनं स्वतःची समजूत घातली. हवा बदलली, पाणी बदललं, शरीराचं काय सांगावं. अन्नपूर्णेला विचारलं तर तिनंही हेच सांगितलं, की होतं असं कधी कधी, माझ्या बहिणीला तर वर्षानं आलं होतं. घे पोरीला, वाया कशाला घालवतेस.

इंदूनं राहुटीत जाऊन दगडीला घेतलं. पोरीनं तोंड लावलं, लगेच मागे घेतलं आणि आईकडे पाहिलं. रडली नाही, रुसली नाही. दुसऱ्याच्या ताटात हात गेल्यावर समजूतदार मूल जसं हात मागे घेतं, तसं तिनं केलं. मग ती इंदूच्या खांद्यावरून मागे बघत राहिली, बेटाच्या खालच्या टोकाकडे.

संध्याकाळी शेकोटीभोवती सगळे बसले असताना आवाज आला. बारीक, तुटक. इंदूची छाती एकदम भरून दुखायला लागली.

‘‘टिटवी,’’ वासुदेव म्हणाला.

त्याला कोणी विचारलं नव्हतं. थोड्या वेळानं पुन्हा आवाज आला, आणि पुन्हा तो म्हणाला टिटवी. तिसऱ्यांदा तर आवाजाच्या आधीच म्हणाला. बिंदुमाधवानं थट्टा करायला तोंड उघडलं आणि बायकोकडे बघून मिटलं.

भांडी घासायला म्हणून इंदू कडेला गेली तेव्हा वासुदेव कंदील घेऊन मागोमाग आला. रेतीनं कढई घासता घासता तिनं विचारलं, ‘‘अहो, इथेच ना?’’

त्यानं कंदील रेतीत ठेवला. मग म्हणाला, ‘‘तेव्हा पाणी होतं गं इथे. श्रावण होता. बेट नव्हतं.’’

‘‘तिला काय घातलं होतं?’’

‘‘तू विणलेलं ते पिवळं.’’

तिला आणखी पुष्कळ विचारायचं होतं. कोणी धरलं होतं, हळू सोडलं का, तोंड कुठे होतं. पण तो कंदील उचलून राहुटीकडे वळला होता, म्हणून तिनं कढई धुतली आणि दोघं परत आले. त्या दोन रात्रींत वासुदेवानं एकदाही खालच्या टोकाकडे पाठ केली नाही.

४

सोमवारी पहाटे उजाडता उजाडता धुकं पडलं. राहुटीचं दार सारलं तर बाहेर बेट नव्हतंच, कापसासारखं पांढरं काहीतरी दाराशी येऊन टेकलं होतं. दगडी वासुदेवाच्या कुशीत झोपली होती. इंदूनं तिची कानटोपी सारखी केली, रजई खोचली, दोनदा श्वास पाहिला. मग छाती दुखते म्हणून जरा पाय मोकळे करून येते, असं तिनं स्वतःलाच सांगितलं.

बाहेर आल्यावर कुठे जावं ते दिसत नव्हतं, पण ते शोधावं लागलं नाही. डावीकडे वळली की दुधाची कळ कमी व्हायची, उजवीकडे वळली की वाढायची. आंधळी कोशिंबीर खेळताना पोरं टाळ्या वाजवून वाट दाखवतात, तसं तिचं अंगच तिला वाट दाखवत होतं. परत फिरावं असं तिला वाटलं नाही, हे खरं. भीती वाटत होती, पण ती दगडीची. पोर उठेल, रडेल. स्वतःची मुळीच नाही.

खालच्या टोकाला रेती ओली होती. तिथे ती बसली. पाण्याचा आवाज अगदी जवळ होता. तिनं मांडी घातली, जशी घालायची तशी, आणि पोलक्याची वरची दोन बटणं काढली. कशाला काढली, हे कोणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. समोर कोणी नव्हतं. धुक्यात तिला स्वतःचा गुडघासुद्धा दिसत नव्हता.

मग मांडीवर वजन आलं.

गार, ओलं, दहा महिन्यांएवढं वजन. इंदूनं खाली पाहिलं नाही. तिची मान ताठ झाली आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि दूध यायला लागलं तशी छातीतली कळ उतरत गेली. तीन वर्षांची कळ होती ती. दिवाळीनंतरची नव्हे. ती पुटपुटली, हळू, हळू गं, ठसका लागेल. एक बारीक मूठ तिच्या मंगळसूत्राची वाटी धरून फिरवत होती. वाटी धरून प्यायची सवय कोणाची, ते तिला ठाऊक होतं.

वाऱ्याची झुळूक आली आणि धुकं क्षणभर विरळ झालं. तेव्हा मात्र तिची नजर गेली. चेहऱ्याकडे नाही, पायाकडे. तिच्या गुडघ्यावरून एक लहानसं पाऊल खाली लोंबत होतं. घोट्याला सुतळी बांधलेली होती, काळी पडलेली, आणि तिचं दुसरं टोक तुटलेलं होतं.

सुतळीचं तिला आजवर कोणी काही सांगितलं नव्हतं. दगड बांधतात हेही नाही.

तेवढ्यात राहुट्यांकडून अन्नपूर्णेची हाक आली. ‘‘इंदू, अगं पोर तुझ्याकडे आहे ना?’’

५

दगडी राहुटीत नव्हती. वासुदेवाला जाग आली तर कूस रिकामी. इंदू धावत आली ती उघड्या पोलक्यानं, आणि तिघंही तिच्या हातांकडे बघत राहिले. मग चौघं धुक्यात शिरले. बिंदुमाधव एकदाही बोलला नाही.

पोर सापडली ती अन्नपूर्णेला, पाण्याच्या अगदी कडेला. बसली होती. पाय पाण्यात, फ्रॉक कमरेपर्यंत भिजलेला. दोन हात रांगणारी पोर चाळीस पावलं कशी गेली, कोणाला कळेना. रडत नव्हती. समोर पाण्याकडे बघत होती आणि कोणाला तरी आपल्या मुठीतली रेती देऊ करत होती.

वासुदेव इंदूवर कधी ओरडला नव्हता, तेव्हाही ओरडला नाही. फक्त म्हणाला, की आता इथे एक क्षण राहायचं नाही. मोहनची नाव नऊला आली तेव्हा राहुट्या गुंडाळून झाल्या होत्या आणि इंदू दगडीला रजईत गुंडाळून उराशी धरून बसली होती. पोर गरम होती, जिवंत होती, नाकातून शेंबूड वाहत होता. एवढं चांगलं तिला कधीच काही वाटलं नव्हतं. आणि तरी सामान नावेत चढत होतं तसतशी तिची मान खालच्या टोकाकडे वळत होती. ती तिथे पुन्हा एकटी. उपाशी नाही आता, पण एकटी. आषाढात पाणी चढेल, आणि मग ही रेतीसुद्धा नाही.

‘‘तिकडे बघू नकोस,’’ अन्नपूर्णा तिचा दंड धरून हलकेच म्हणाली. ‘‘गंगेला दिलेलं परत मागत नाहीत, बाई. आता मी सांगते तसं कर. मूल घेऊन पाणी ओलांडायचं, तर पाय उचलताना आईनं नाव घेऊन हाक मारायची असते. चल, घरी चल, म्हणायचं. नाही तर मूल मागे राहतं आणि नुसतं अंग घरी येतं. आमच्याकडे सगळ्याजणी अशी हाक मारतात. आणि खरं नाव हं. दगडी-बिगडी नाही. टोपणनावं गंगा ऐकत नाही.’’

इंदूनं मान हलवली. तिनं एक पाय नावेत ठेवला. दुसरा रेतीत होता. खरं नाव. तिनं ते आठवलं, चांगलं आठवत होतं, चार अक्षरी. पण अकरा महिने ते जिभेला लागू दिलं नव्हतं. कुठलं नाव आईच्या तोंडात बसलेलं असतं? जे रोज घेतो ते. धुणं पिळताना, दिवा लावताना, विषमज्वराच्या ग्लानीत, तीन वर्षं रोज घेतलेलं एकच मुलीचं नाव तिच्या तोंडात होतं.

‘‘वीणे,’’ ती म्हणाली, ‘‘चल गं. घरी चल.’’

 मग अन्नपूर्णेनं तोंडावर हात घेतला आणि म्हणाली, पुन्हा हाक मार, लवकर, बरोबर नाव घे, तीनदा घे. पण वासुदेवानं ‘वीणे’ ऐकलं होतं आणि त्याचं तोंड पांढरं झालं होतं. त्यानं इंदूला जवळजवळ उचलून आत घेतलं आणि मोहनला म्हणाला, ‘‘चलो.’’ बांबू रेतीत रुतला, नाव सुटली.

अर्ध्या पाण्यात इंदूच्या मांडीवरचं ओझं हललं. कूस बदलावी तसं. तिनं रजईची कड उचलून पाहिलं. तीच कानटोपी, तोच फ्रॉक, तेच बसकं नाक. पोर जागी होती. हात बाहेर काढून तिनं मंगळसूत्राची वाटी धरली.

६

घरी सगळं चांगलं झालं. पोर अंगावर पिऊ लागली, आठ दिवसांत तिचे गाल भरले. डावीकडचंच हवं असायचं. वासुदेवानं बेटाचा विषय काढला नाही, पण एकदा पोरीला खेळवताना म्हणाला, ‘‘बघ, उगाच घाबरलो आपण. आता अगदी आईवेडी झालीय.’’ इंदू हसली. अंघोळ घालताना पोरीच्या घोट्यावर एक बारीक वळ दिसे, तो तिनं कोणाला दाखवला नाही. तेल लावून ती तो चोळत असे.

ती सुखी होती का? हो, होती. दुपारी पोर पिता पिता तिच्याकडे टक लावून बघायची, तेव्हा इंदूला वाटे की जगातलं सगळं परत मिळालं. ‘वीणे’ असं ती तिच्या कानाशी म्हणे, आणि पोर ओ दिल्यासारखी डोळे मिटे.

पण माघ संपता संपता एका दुपारी तिची उजवी बाजू भरून आली. पोर डावीकडे पीत होती आणि उजवीकडून पोलकं भिजत होतं. नदीपलीकडून खिडकीत गार वारा येत होता. त्यानंतर रोज. फाल्गुनात, चैत्रात, उन्हाळ्याची लू वाहायला लागली तरी. त्या वेळी पोर प्यायची थांबे आणि खिडकीकडे बघे. इंदू खिडकी लावून घेई. लावली तरी दूध थांबत नसे. ती अंथरुणात उजवा हात छातीवर दाबून पडे आणि एका शेंबड्या नाकाची, रेतीच्या मुठीची आठवण काढे. आता तिला दुसऱ्याच लेकराचा ध्यास लागला होता.

आषाढ लागला. पाणी मातकट झालं, घाटाची खालची पायरी बुडाली. त्या सकाळी वासुदेव कचेरीत गेल्यावर इंदूनं कपाट उघडलं, पत्रिका काढली आणि बोट ठेवून नाव वाचलं. मग पोरीला कडेवर घेऊन ती मुन्शी घाट उतरली आणि मोहनला म्हणाली, की राजघाटच्या पुलापलीकडे, त्या बेटाशी ने.

मोहन तिच्याकडे नाही, पोरीकडे बघत होता. ‘‘बहूजी, अब वहाँ क्या है? दो दिन में सब कट जाएगा.’’

‘‘म्हणूनच,’’ इंदू म्हणाली.

तो तिला घेऊन गेला. पूल मागे पडला. बेट आता अंगणाएवढं उरलं होतं. कडेकडेनं रेती ढासळत होती, पाव कापावा तशी सरळ, आणि पाण्यात विरत होती. ढगांनी आभाळ खाली आलं होतं, पण सगळं लख्ख दिसत होतं. मधोमध रेतीवर काहीतरी बसकं होतं. वाहून आलेली टोपली असेल, कुत्रं असेल. ते हललं. त्यानं एक हात पुढे केला, मूठ मिटलेली.

इंदूच्या उजव्या बाजूनं दूध धारेनं आलं. ती नावेत उभी राहिली. मोहननं नाव स्थिर धरली. एका नावानं एकच येतं आणि एकाला परत जावं लागतं, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. तिनं श्वास घेतला.

‘‘मृणा...’’

एवढंच निघालं. एक लहानसा तळहात तिच्या तोंडावर येऊन टेकला होता. गार होता, नदीचा वास येत होता. कडेवरची पोर तिच्याकडे बघत होती. रागानं नव्हे. तीन वर्षं पाण्याखाली एकटं राहिलेलं लेकरू आईकडे कसं बघेल, तशी बघत होती. इंदूनं दोन बोटांनी धरला असता तरी तो हात बाजूला झाला असता, इतका हलका होता.

बेटाचा आणखी एक काठ ढासळला.

‘‘लौट चलें, बहूजी?’’ मोहननं खाली बघत विचारलं.

इंदूनं तो हात काढला नाही.